पट्टीचा बंध

सुरतेला, लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेत, सरांनी दहावीला ब्युटेन शिकवलं ते आम्हा चार मुलींना फळ्यापुढे उभं करून. एकेक मुलगी म्हणजे कार्बनचा एकेक अणू. हातात हात धरला की झाली साखळी. मला टोकाला ठेवलं. आम्ही बौद्ध, हे वर्गात कुणाला सांगावं लागत नसे. शेजारच्या मुलीनं तळहातावर ओढणी घेऊन माझी दोन बोटं धरली.

मग आयसोब्युटेन. आता मी टोक सोडून उरलेल्या तिघींतल्या मधल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ती अंग चोरून मागे सरकली. सरांनी टेबलावरची लाकडी पट्टी माझ्या हातात दिली आणि नेहमीसारखं गुजराती मिसळत म्हणाले, "ही टेकव तिच्या खांद्याला, चालशे. पुस्तकातल्या चित्रात पण अणूंच्या मधे काडीच असते."

वर्ग खदखदून हसला. सर स्वतःवर काय खूश!

"दोन्हींत फरक काय?" त्यांनी विचारलं. मीच बोलले, "अणू तेच, तेवढेच. कुणाला कुठे जोडलं, एवढाच फरक."

"शाबास," सर म्हणाले. माझ्या हातातून पट्टी घेतली, रुमालानं पुसली आणि मगच टेबलावर ठेवली.