बन्सीधरनं बदललेला शेवट

सेलूत त्या काळी बन्सीधरला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. त्याला भला माणूस म्हणणारे मात्र आज फारसे सापडणार नाहीत. मीही म्हणणार नाही. तो माझा मित्र होता, म्हणून मला इतरांपेक्षा जास्त राग आहे.

निजामाच्या अमलात तो तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होता. कागद सगळे उर्दूत, आणि त्याचं उर्दू अक्षर असं की बडे साहेबही वाखाणायचे. अठ्ठेचाळीसला राज्य गेलं, कचेरीतली उर्दू मागं पडली आणि तिच्यासोबत बन्सीधरही. मग गावातल्या चार शहाण्यांनी त्याला मोंढ्याच्या बाजाराजवळच्या वाचनालयात बसवलं. मी शाळेत मास्तर, शाळा सुटली की मीही तिथंच पडीक.

वाचनालय म्हटलं की लोक गप्प बसून वाचतात असं कुणाला वाटत असेल, तर तो सेलूला आलेला नाही. आमच्याकडं एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या की शेतकरी, मेंढपाळ, बायाबापड्या ओसरीवर येऊन बसायच्या आणि बन्सीधर वाचायचा. आवाज असा की समोरचा चहावाला पेला विसळायचा थांबे.

त्याच्याकडं एक कादंबरी होती. सत्तेचाळीस साली वऱ्हाडात छापलेली, आपल्या मुलखात जप्त झालेली, सरकीच्या पोत्यातून आलेली. एक तरणा पोरगा घरदार सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात जातो, निजामाच्या राज्याविरुद्ध लढतो आणि शेवटच्या प्रकरणात नदीकाठी गोळी खाऊन मरतो, एवढीच गोष्ट. आधी ती दारं लावून चौघांत वाचली जाई. पोलीस ॲक्शन झाल्यावर ती पहिल्यांदा उघड्यावर, ओसरीवर वाचली गेली.

ऐकायला केवळाबाई आली होती. शेजारच्या वाडीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा अंगद सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात असाच कॅम्पाकडं गेला होता. परत आला नव्हता आणि मेल्याचं कुणी सांगितलंही नव्हतं. चार दिवस ती ऐकत होती आणि चार दिवसांत तिची खात्री पटली की हे पुस्तक तिच्या पोराचं आहे. छापलेलं ते खरं असंच ती मानायची. पोथीतलं कधी खोटं असतं का?

आता आमच्याकडची रीत सांगतो. पोथी मरणावर थांबवत नाहीत. अध्यायात कुणी मेलं, तर पुढचा अध्याय लावून, चांगलं काही ऐकवूनच उठायचं. या कादंबरीला पुढचा अध्याय नव्हता. बन्सीधर नदीकाठापर्यंत आला, त्यानं मान वर करून केवळाबाईकडं पाहिलं, आणि पुस्तकात नसलेलं वाचू लागला. गोळी चुकली, पोरगा जंगलात शिरला, दूरच्या मुलखात आहे, एक दिवस आईच्या दारात येणार आहे. ओसरीवर कुणाला कळलं नाही. आधीच्या चौघांतला तिथं मी एकटाच होतो, आणि मी गप्प बसलो. माझंही पाप तिथूनच सुरू होतं.

पुढं दरवर्षी सुगी झाली की केवळाबाई यायची आणि तीच कादंबरी लावायला सांगायची. शेवट झाला की पुस्तकापुढं गुळाचा खडा ठेवायची.

ती एकटी थांबली असती तर मी हे लिहिलं नसतं. अंगदची बायको भागुबाई सतराव्या वर्षी मागं राहिली होती. ती चोविसाची झाली तेव्हा चारठाण्याकडचा रायभान तिला मागायला आला. बायको वारलेला, निर्व्यसनी, बोलायला मऊ. त्यांच्यात बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात काही वावगं नाही. पंच म्हणाले, सासूनं हो म्हटलं की झालं. सासू म्हणाली, माझा पोरगा जिता आहे, पुस्तकात लिहिलंय. सात वर्षं घोंगडं भिजत पडलं होतं, ते रायभाननं बाहेर काढलं. मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला उतरायच्या आत जबाब द्या, एवढंच तो म्हणाला.

भागुबाई एका दुपारी वाचनालयात आली. मी तिथंच होतो. ती खाली बसली नाही.

"दादा, पुस्तकात त्यो मरतो ना?" तिनं विचारलं.

बन्सीधर समोरचे कागद सारखे करू लागला.

"तुमचं त्वांड बघूनच मला पयल्या साली कळलं. आत्याला सांगा. माझं कोन ऐकतंय? तुमचं ऐकत्यात." सासूला ती आत्या म्हणायची.

त्या बाजाराला बन्सीधरनं केवळाबाईला बोलावून शेवटचं प्रकरण जसं छापलं होतं तसं वाचलं. नदी, गोळी, मरण. म्हातारी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सात साल एक वाचलं, आन् आज दुसरंच? रायभानाचं मीठ खाल्लं का बापू तुमी?"

त्याच आठवड्यात गावात फिरता तंबू-टॉकीज आला. एक इंग्रजी चित्र होतं. भाषा कुणाला कळणार? मालकानं बन्सीधरला गाठलं आणि हातात माईक दिला, पडद्यावर जे होईल ते आपल्या बोलीत सांगत जा म्हणाला. अशी चित्रं तेव्हा तशीच दाखवत. बन्सीधरला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येत होतं. त्यानं दुपारी चित्र पाहून घेतलं आणि धावत माझ्याकडं आला. इतका पेटलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

चित्रातला तरणा माणूस अग्निबाणात बसून ताऱ्यांकडं जातो. तिकडं वर्ष सरतं, इथं चाळीस वर्षं सरतात. तो परत येतो तेव्हा तसाच तरणा, आणि फाटकाशी त्याची बायको उभी असते, केस पांढरे झालेली.

"हे ताऱ्यांचं नाही रे," बन्सीधर म्हणाला. "साहेबाच्या मुलखात मोठी लढाई झाली, पोरं गेली, हजारोंचा पत्ता नाही. तिथल्या आयांना पोरगा जिता पाहिजे होता, म्हणून चित्र काढणाऱ्यांनी त्याला आभाळात नेऊन जिता ठेवला. आपली कादंबरी निजामाचं राज्य जायच्या आधीची. तेव्हा लोक उठवायचे होते, म्हणून लिहिणाऱ्याला मेलेला पोरगा पाहिजे होता. दोघांनीही आपापल्या सालाला जे लागत होतं तेच रचलं."

मी चिडून विचारलं, "आणि तू काय केलंस? सत्तेचाळीसच्या पुस्तकाला अठ्ठेचाळीसचा शेवट लावलास."

"हो," तो म्हणाला. "राज्य मिळाल्यावर त्या मरणाचं कुणाला काही कामच उरलं नव्हतं. त्याच्या आईला तर नव्हतंच." मग म्हणाला, "या चित्रालाही मी शेवट लावतो. पोरगा ताऱ्यांतच मेला, मरताना बायकोला मोकळी केली, असं सांगतो. केवळाबाईला आणून बसवतो."

मी त्याला म्हणालो की एकदा खोटं बोलून तुझं पोट भरलं नाही का. पण त्याला थांबवलं नाही. मलाही वाटलं, त्याच्या आवाजापुढं पडद्याकडं कोण बघतंय, जमेल.

दिवेलागणीचा पहिला खेळ. तंबू गच्च भरला होता. केवळाबाई पुढं, शेजारी भागुबाई. बन्सीधरनं चित्र असं सांगितलं की लोक श्वास रोखून बसले. अग्निबाण उडाला तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. मग शेवट आला. बन्सीधर माईकवर म्हणाला, पोरगा वरच मेला. आणि पडद्यावर तोच पोरगा अग्निबाणातून उतरला, फाटकाकडं चालत गेला, आणि त्यानं म्हाताऱ्या बायकोचा हात धरला.

बन्सीधर घाईघाईनं म्हणाला की हा दुसराच कुणी आहे, निरोप घेऊन आला आहे. सगळा तंबू हसला. दोन तास तो चेहरा सगळ्यांनी पाहिला होता. पुस्तकातली अक्षरं एकट्या बन्सीधरची होती, तिथं तो राजा होता. पडदा सगळ्यांचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

केवळाबाई उठून उभी राहिली. "बापू, आमाला वाचता येत न्हाई. डोळं हायेत." मग ती सुनेकडं वळली. आवाज रागाचा नव्हता, मायेचा होता, आणि तेच मला अजून सहन होत नाही. "बघ भागे. म्हातारी झाली, तरी थांबली का न्हाई ती? आपला अंगद बी तसाच आसंल बघ, हाय तसा तरणा."

भागुबाई पडद्याकडं पाहत राहिली. पडदा पांढरा झाला होता.

रायभान चार दिवस वाट पाहून मेंढरं घेऊन उतरला. माघात त्यानं जिंतूरकडची बायको केली. त्याला मी दोष देत नाही. बन्सीधरनं वाडीला जाऊन केवळाबाईचे पाय धरले, सगळं मीच रचलं होतं म्हणून सांगितलं. तिनं त्याला ताक दिलं आणि म्हणाली, देव तुमाला अक्कल देवो. खरं बोलायची त्याची पत संपली होती. त्यानंतर त्यानं ओसरीवर वाचणं सोडलं. लोक यायचे, बसायचे, उठून जायचे.

पुढच्या सुगीला भागुबाई एकटीच आली. सासूचे गुडघे धरले होते, चालवत नव्हतं. यंदा ती खाली बसली, म्हातारी बसायची तिथंच.

"दादा, ती कादंबरी लावा."

बन्सीधर म्हणाला की बाई, मी खरा शेवट सोडून काही वाचणार नाही आता.

"खरा नगं," भागुबाई म्हणाली. "रायभान गेला. मला आता दुसरं कोन येनार हाय? पुस्तकातल्या त्यालाच घरी आना."

बन्सीधरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं पुस्तक उघडलं, शेवटचं प्रकरण काढलं, आणि पोरगा घरी आणला.