टक् न वाजणारा चाकू

अण्णा गेल्याचा फोन वाकोल्याला आमच्या शेजारच्या नाईकांकडे आला, तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते पाठाऱ्यांचं. सख्ख्या भावासाठी रडायचं सोडून ही काय बाई, म्हणाल. म्हणा. पण अण्णाच्या तोंडाला काळं फासणारा माणूस खुशाल हिंडतोय आणि अण्णा मात्र गेला... हे मला सोसवेना.

आमचा अण्णा जुन्या घडीच्या चाकूंचा वेडा. मुलुंडच्या त्याच्या घरी रविवारी सकाळी लोक आपापले चाकू रुमालात गुंडाळून आणायचे. पात्याच्या बुडाशी असलेला कारागिराचा छाप अण्णा भिंगातून बघायचा. पातं झिजलेलं आणि छाप कोरा करकरीत, तर तो मागाहून मारलेला, हे त्याचं ठरलेलं. मग चाकू कानाशी धरून मिटायचा. चांगल्या हातचा चाकू मिटताना टक् वाजतो म्हणे. त्याचा स्वतःचा लाडका चाकू तेवढा वाजत नसे, म्हणून तो कुणासमोर मिटत नसे. आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते; तिथल्या साहेबानं दिलेला तो सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू. खंडेनवमीला आई विळी-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा करायची, ओलं कुंकू आणि अक्षता हात सैल सोडून. अण्णा कुरकुरायचा, गंजेल म्हणून. तिच्या शेवटच्या खंडेनवमीला अक्षतेचा एक दाणा सांध्यात शिरला आणि तिथेच रुतला. तेव्हापासून चाकू मिटला की नुसतं ठप्प. आई गेल्यावर अण्णानं तो दाणा काढला नाही.

बोरिवलीचे पाठारे त्याच नादातले, अण्णाचे रविवारचे दोस्त. पार्ल्याच्या एका प्रदर्शनात मांडतो म्हणून हा चाकू घेऊन गेले, आणि तिथे सगळ्यांदेखत भिंग लावून म्हणाले की अण्णांचा चाकू नकली आहे. अण्णानं उचलून मिटला. टक् वाजला. हा माझा नव्हे, एवढंच तो बोलला, पण ऐकतो कोण? पकडला गेला म्हणून पलटी मारतोय, म्हणाले लोक. मग रविवार ओस पडले. मी म्हटलं, चल, पाठाऱ्यांची गचांडी धरू. तो म्हणाला, "दाण्याचं कुठे बोलू नकोस गं. पाठाऱ्याला कळलं तर काढून टाकेल. खरा चाकू समोर येऊ दे." वाट बघता बघताच गेला बिचारा.

त्याच्या सोसायटीनं हॉलमध्ये शोकसभा ठेवली. पाठारे कडक इस्त्रीत बोलायला उभे. अण्णांचं प्रेम मोठं, पण नजर चुकायची, म्हणाले. अण्णांकडे होता तसाच, पण अस्सल चाकू त्यांना दाखवायचा राहिला, म्हणत खिशातून काढला. एका जुन्या पारशी घरातला आहे, तेलाशिवाय ह्याला कधी काही लागलेलं नाही, असं सांगून ऐटीत मिटला.

ठप्प.

बघू, म्हणत मी पुढे गेले. गेलेल्याच्या बहिणीला नाही कसं म्हणणार? मी बांगडीतली पिन काढून सांध्यात घातली. लाल भुकटी पदरावर पडली. गंज आहे तो, पाठारे घाईघाईनं म्हणाले. मी पिन आणखी आत नेली आणि दाणा बाहेर आला, कुंकवानं माखलेला.

"गंजात तांदूळ असतो का हो, पाठारे?"

अण्णाला हसलेले तिथे बरेच होते. एकाची मान वर होईना. पाठारे जिन्यात गाठून म्हणाले, ताई, झालं गेलं, माझ्या वयाचा तरी मान ठेवा, हे कुठे बोलू नका, लिहू नका. अण्णाच्या वयाचा ठेवला होतात? लिहिलंय, नावासकट. आता त्यांनी कुठलाही चाकू काढला की लोक आधी पिन मागतात, असं कानावर येतं. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

चाकू माझ्याकडे आहे. त्या दिवशी घरी आल्यावर तो दाणा मी पिनेनंच परत सांध्यात बसवला, आणि मिटून कानाशी धरला. ठप्प वाजला... तेव्हा कुठे मला अण्णासाठी रडू आलं.