आक्कांसाठी आणलेली डोली

आक्कांनी पहिल्याच दिवशी अशी फुंकर मारली, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. लगेच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. सांगलीच्या दवाखान्यातल्या त्या हॉलमध्ये आम्ही थकल्या फुप्फुसांची माणसं सकाळी व्यायामाला जमायचो. मी निवृत्त मास्तर, माझी फुप्फुसं विड्यांनी गेलेली, आक्कांची चुलीच्या धुरानं. ओठांचा चंबू करून श्वास सोडा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आष्ट्याच्या या म्हातारीनं जन्मभर फुंकणीत सोडली तशीच हवा सोडली.

"आक्का, विस्तव पेटवायचा नाही," बाई म्हणाल्या. "बशीतला चहा निववायचाय."

"मग तसं सांगायचं की."

त्या दिवसापासून आम्ही सगळेच नसलेला चहा निववत बसू लागलो. खिडकीतून कोवळं ऊन यायचं. आपण आजारी आहोत हे त्या वेळात मी साफ विसरून जायचो.

आक्का जैन. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत. श्वासाच्या औषधाचा पंप ओढल्यावर चूळ भरावी लागते, म्हणून संध्याकाळचा पंपही त्या दिवस असतानाच उरकायच्या. "सूर्य तुमचा कंपाउंडर आहे का हो?" असं मी चिडवलं, तर म्हणाल्या, "व्हय. आन् कवा रजा घेत न्हाई."

खुर्चीतून उठ-बस करताना गुडघे थरथरले की त्या गुडघ्यांनाच दटावायच्या, "उठ गं म्हशी!" एवढा जोर कशासाठी, ते मला उशिरा कळलं. बाहुबलीच्या डोंगरावर घरची सगळी दरवर्षी दर्शनाला जात आणि अलीकडे थोरला मुलगा आईला डोलीत बसवून वर नेत असे. ते त्यांना फार लागलं होतं. "आवं मास्तर, चौघांच्या खांद्यावरनं जायचं ते एकदाच. त्याची तालीम कशाला?" या वर्षी त्यांना आपल्या पायांनी वर जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

थंडीत बाईंनी परवानगी दिली. मीही सोबत निघालो, उगीच फुशारकीनं. मुलानं तरी डोली सांगितलीच होती. ती गुपचूप आमच्या मागून येत होती. आक्का चार पायऱ्या चढायच्या, कठड्याला टेकायच्या, सावकाश श्वास सोडायच्या. खाली उसाच्या रानांवर धुकं होतं आणि आम्हाला मागे टाकून वर गेलेली माणसं दर्शन घेऊन परतही येऊ लागली होती.

मध्यावर त्या बराच वेळ थांबल्या. ओठ पांढरे पडले होते. मुलानं खूण केली तशी डोली त्यांच्या शेजारी टेकली. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तरांस्नी बसवा. त्यांचं तोंड बघा कसं उतरलंय."

मी बसलो. खरंच माझ्यात त्राण नव्हतं.

वर पोचून मी वाट पाहू लागलो. पायऱ्यांवर कुणी दिसलं की वाटायचं, आक्कांना खाली नेल्याचा निरोप घेऊन तर कुणी येत नाही ना? ऊन चढलं. आधीच वर पोचलेली घरची माणसं पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

पुढच्या पावसाळ्यात आक्का गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. व्यायामाला मी अजून जातो, त्यांची खुर्ची आता दुसऱ्या कुणाची आहे. मला त्यांची आठवण येते, फार येते, आणि दर वेळी त्या पायऱ्यांच्या तोंडाशीच दिसतात. त्या दिवशी आधी पांढरा पदर वर आला, मग त्या आल्या. मुलगा दोन पायऱ्या मागे होता, त्याचा हातही त्यांनी धरला नव्हता. मंदिरापुढे हात जोडून झाल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन टेकल्या आणि खालच्या रानांकडे बघत राहिल्या.

"फार दम लागलाय का?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, "बोलायला दम हाय मास्तर. पर बोलावं असं आता काय ऱ्हायलं न्हाई."