सातवी टाकी

मी आजवर पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस लोहार होता.

तापलेल्या लोखंडाशी ज्याने उभा जन्म काढला त्याच्याविषयी असे लिहिणे त्याला उणेपणा आणणारे वाटेल, म्हणून बरेच दिवस कचरत होतो. साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्याने तसेही थोडे कचरतच लिहावे. परंतु मिस्त्रींची ओळख दुसऱ्या कोणत्या गुणापासून करून दिली तर ती खोटी ठरेल. भांडुपला, टेकडीच्या पायथ्याशी, चाळींच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. आत येणाऱ्याच्या तोंडाकडे ते पाहत नसत. प्रथम पायांकडे पाहत. "चपला हत मा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग जमिनीवर कोळशाने ओढलेल्या रेघेच्या मागे ते त्याला उभे करीत आणि त्यानंतरच काम विचारीत. कुणी छिन्नी मागितली तर ती कशावर चालणार, कोण चालवणार, त्याला चष्मा आहे का, अशी चौकशी होई. एकदा एक प्लंबर वैतागून म्हणाला, "ओ मिस्त्री, छिन्नी मागतोय, पोरगी नाय मागत तुमची!"

"पोरगी म्हायेराक येऊन सांगता तरी," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "छिन्नी सांगूक येणा नाय."

मिस्त्री मूळचे मालवणकडचे. परळच्या एका गिरणीच्या लोहारखात्यात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. संपानंतर गिरणीने पुन्हा बोलावले नाही, तेव्हा त्यांनी ही शेड उभी केली. त्यांच्या डाव्या डोळ्यावर खोबऱ्याच्या कापासारखा पांढरा पडदा होता. त्याविषयी विचारण्याचे धैर्य मला वर्षभर झाले नाही. शेवटी त्यांनीच एकदा भाता मारता मारता सांगितले. गिरणीत असताना छिन्नीच्या डोक्याचा कपचा उडून डोळ्यात शिरला होता. "छिन्नी माझीच, डोळोय माझोच," ते म्हणाले. "दुसऱ्याचो असतो तर ऐरणीफुडे उभो रवलो नसतंय."

या एका वाक्यात त्यांच्या सगळ्या भीतीचे मूळ होते. पोलादाला पाणी देणे म्हणजे ते लाल करून पाण्यात बुडवणे. त्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून पाणी फक्त धारेच्या टोकाला द्यायचे. ज्या डोक्यावर हातोडा पडणार ते मऊच राखायचे. "धारेक पाणी, डोक्याक नाय," हे मिस्त्री दिवसातून दहा वेळा म्हणत. तेवढ्यावरही त्यांचा विश्वास नसे. प्रत्येक हत्यार गिऱ्हाइकाच्या हाती जाण्यापूर्वी ते त्याच्या डोक्यावरून कानस फिरवीत. कानस 'खर्र' करून चावली तर डोके मऊ. ती आवाज न करता घसरली, तर हत्यार पुन्हा भट्टीत आणि मग राखेत, सावकाश निवायला. गिऱ्हाईक घाईत असो वा नसो, ती खरखर ऐकल्याशिवाय त्यांची मूठ सुटत नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती घरच्या विळीच्या पात्यामुळे. मी तेव्हा मुलुंडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. अठरा वर्षे लोखंडाची चित्रे काढली होती. लोखंड मात्र कधी हाती धरले नव्हते. वय बेचाळीस, स्वभाव असा की बसमध्ये कंडक्टरने चुकीचे तिकीट दिले तरी गप्प बसावे. विळी धारेला टाकून मी रेघेच्या मागे उभा होतो, तेव्हा ऐरणीवर मला त्यांचा 'बेडूक' दिसला. पोलादाचे दोन ठोकळे, दोहोंत समोरासमोर कोरलेली अर्धगोल खाच, आणि मागून दोघांना जोडणारी कमानीची वाकवलेली पट्टी. लाल सळई त्या जबड्यात घालायची, वरून हातोडा मारायचा, सळई थोडी फिरवायची, पुन्हा मारायचा. जबडा मिटे, आणि पट्टीच्या लवचिकपणाने आपोआप उघडे. दहा-बारा घावांत चौकोनी सळईची मान गोल, घोटीव होऊन बाहेर येई.

"घण मारूक माणूस नाय," मिस्त्री म्हणाले, "म्हणान ह्यो बेडूक पाळलो. ह्याच्या तोंडात कसलोय घास घाला, एकाच मापाचो भायर येता."

असे पाच बेडूक त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून तुकडे आणून स्वतः घडवले होते: एक मानेचा, एक टोकाचा, एक पटाशीच्या पन्हळीचा, उरलेले दोन मुठीत बसणाऱ्या शेपटांचे. मी इतका भारावलो की पुढच्या रविवारी त्या साच्याचे रीतसर रेखाचित्र काढून घेऊन गेलो. तीन बाजूंनी, मापांसह. मिस्त्रींनी हात पुसून कागद धरला, चांगल्या डोळ्याजवळ नेला.

"चित्र झकास. पण सायबानू, तोंड खय उघाडता ह्याचा?"

मी बेडूक मिटलेला काढला होता. पट्टीला किती ताण हवा, जबडा किती उघडायला हवा, हे मी मोजलेच नव्हते. मी ओशाळलो. त्यांनी मात्र तो कागद पत्र्याला खिळ्याने लावला आणि म्हणाले, "हातान मोजूक व्हया ता. चपला हत मा? या हय." आणि मी रेघ ओलांडून आत गेलो. त्यानंतर कित्येक वर्षे माझे रविवार तेथे गेले.

शिकणारा मी मंद होतो आणि भित्राही. ठिणगी उडाली की मागे सरे. मिस्त्री त्याबद्दल कधी हसले नाहीत. "भितास ता बरा," ते म्हणत. "भियाक लाजा नकात. लपवू तेवडा नकात." या वाक्याचा अर्थ मला कळला तो फार वाईट रीतीने.

घरोघर फिरून पाटे-वरवंट्यांना टाकी लावून देणारी चंद्राबाई त्यांची जुनी गिऱ्हाईक. पाट्यावर खाचा पाडण्याची टोकदार लहान छिन्नी म्हणजे टाकी. चंद्राबाई आणि तिची नुकतीच लग्न होऊन आलेली सून, दोघींसाठी सात टाक्यांची मागणी होती. मिस्त्री म्हणाले, "ह्यो सगळो घास तुमीच भरवा." मोटारीच्या जुन्या स्प्रिंगचे तुकडे सरळ करून, बेडकात माना गोल करून, मी सहा टाक्या घडवल्या आणि राखेत निवायला पुरल्या. सातवी किंचित वाकडी झाली, म्हणून ती पुन्हा टोकापासून डोक्यापर्यंत लाल केली. इतक्यात नळाला पाणी आल्याची ओरड झाली आणि मिस्त्री दुसरी बादली घेऊन चाळीकडे गेले.

मी सातवी सरळ केली. सांडशीने उचलून राखेकडे नेत होतो. पकड ढिली होती. टाकी सुटली आणि थेट पाण्याच्या बादलीत पडली. चर्र आवाज झाला, वाफ आली, संपले. डोक्यासकट सगळ्या टाकीला पाणी बसले होते.

करायचे काय ते मला ठाऊक होते. भट्टीत घालायची, लाल करायची, राखेत ठेवायची. पण त्यासाठी मिस्त्री परतल्यावर सांगावे लागले असते की माझ्या हातून सांडशी निसटली. मी टाकी बादलीतून काढली, सदऱ्याला पुसली आणि इतर सहांच्या शेजारी राखेत पुरून टाकली. मनाशी म्हटले, कानस आहेच. ती सांगेल; मला बोलावे लागणार नाही.

मिस्त्री आले. त्यांनी सातही टाक्यांची टोके तापवून त्यांना पाणी दिले. तेवढ्यात चंद्राबाई दारात उभी. "झाल्या का वो मिस्त्री? उद्या घाटकोपरला जायचंय, धा घरं बोलून ठेवलीत. तुमच्या त्या कानशीचं भजन आज र्‍हाऊ द्या!"

मिस्त्रींनी कानस उचलली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दोन वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर मी अभिमान पाहिला. त्यांनी कानस खाली ठेवली.

"आज भजन नाय. सायबांनी केल्यानी हत. बघूक नको."

चंद्राबाईने टाक्या फडक्यात बांधल्या. ती रेघेपाशी होती, मग दारापाशी, मग गल्लीत. प्रत्येक वेळी माझे तोंड उघडले आणि मिटले. मी घरी गेलो. जेवताना पत्नीने ताटात चटणी वाढली आणि मला पाटा आठवला. दगडावर टाकी मारणारे माणूस टाकीवर ओणवे असते. त्याचे डोळे तिच्या डोक्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतात.

सोमवारी सकाळी, नोकरीत प्रथमच न कळवता रजा घेऊन, मी शेडवर गेलो. सांगताना मी माझ्या चपलांकडे पाहत होतो. मिस्त्रींनी ऐकून घेतले. त्यांनी भट्टीवर पाणी मारले, सदरा घातला आणि कानस खिशात ठेवली. "चला," एवढेच म्हणाले.

बसने घाटकोपरला उतरलो आणि गल्ल्या धुंडाळू लागलो. माझे कान 'टाकीयेऽ पाट्याला टाकीऽ' या हाकेसाठी उभे होते. मिस्त्रींचे कान ठोक्यांसाठी. मिक्सर आल्यापासून घरांतून तो आवाज कमी झाला होता. एरवी मला त्याचे वाईट वाटे, त्या दिवशी आशा वाटली. तीन वाड्या फिरलो. एका ठिकाणी ठोके ऐकून धावलो तर सुतार निघाला. मिस्त्रींचा डावा डोळा वाऱ्याने पाझरत होता आणि ते तो पुसत नव्हते.

अखेर एका बैठ्या चाळीच्या अंगणात दोघी दिसल्या. चंद्राबाई बिऱ्हाडकरणीशी घासाघीस करत होती. सून पाट्यावर ओणवी होऊन टाकी मारत होती.

"हात थांबव गो!" मिस्त्री ओरडले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"काय झालं? टाक्या चोरीच्या हायेत का काय?" चंद्राबाई उसळली. "आन् ह्यो सायब असा काय बघतोय, जप्तीला आल्यावानी?"

मिस्त्री खाली बसले. फडक्यातल्या सहा टाक्यांवर एकेक करून त्यांनी कानस फिरवली. खर्र. खर्र. सहाही चावल्या. सातवी सुनेच्या हातात होती. ती घेऊन त्यांनी डोक्यावर कानस ठेवली, ढकलली. ती आवाज न करता घसरली. मग त्यांनी टाकी माझ्यासमोर धरली. डोक्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा नवा, चकाकता खळगा होता. कपचा उडून गेला होता. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. सून एकदा माझ्याकडे, एकदा टाकीकडे पाहत होती, दोन्ही डोळ्यांनी.

मी तेथेच चंद्राबाईला सारे सांगितले. तिने टाकी घेऊन तो खळगा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाली, "काल तोंड शिवलं होतं का सायेब?" याहून नेमका प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही.

परतताना मी माफी मागू लागलो तेव्हा मिस्त्रींनी थांबवले. "तुमचो हात घसारलो. माझो नेम मोडलो. चूक माझी मोठी." पुढच्या रविवारपासून माझ्या प्रत्येक कामावर ते गिऱ्हाइकादेखत कानस फिरवू लागले. ती खरखर ऐकून मला किती हायसे वाटे, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांना ते कळत असावे. सातवी टाकी त्यांनी मऊ केली नाही. माझ्या रेखाचित्राशेजारच्या खिळ्याला ती तशीच लटकत राहिली.

पुढे काही वर्षांनी, शिमग्याला मिस्त्री गावी गेले ते परतले नाहीत. वर्षभराने तिकडूनच ते गेल्याचे पत्र आले. गावी जाताना पाचही बेडूक त्यांनी माझ्याकडे पोचते केले होते. पण माझ्या लेखी ते शेडमधून गेले त्याआधीच, एका रविवारी. त्यांचा उजवा डोळाही अंधुक होऊ लागला होता. लोखंडाची लाली कोठवर चढली ते त्यांना नीट दिसत नसे, हे मी पाहत होतो आणि सवयीप्रमाणे गप्प होतो.

त्या दिवशी चंद्राबाईची सून नव्या टाकीसाठी आली होती. मिस्त्रींनी ती स्वतः घडवली, पाणी दिले आणि माझ्यापुढे धरली.

"लावा कानस."

"मिस्त्री, तुम्ही केलेली..."

"माझ्यार भरवसो ठेवू नकात. लावा."

मी कानस ठेवली आणि ढकलली. आवाज आला नाही. सून रेघेमागे उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मिस्त्री कान देऊन होते. त्या जुन्या रविवारीही मी असाच उभा होतो.

"मिस्त्री," मी म्हणालो, "घसरते आहे."

"परत लाव." ते मला प्रथमच एकेरीत बोलले.

मी पुन्हा कानस लावली. "घसरते."

त्यांनी मान हलवली. सांडशी माझ्या हाती दिली, कमरेचे चामडे सोडून ऐरणीवर ठेवले आणि चाचपत, सावकाश चालत जाऊन ते रेघेच्या पलीकडे सुनेशेजारी उभे राहिले. मी टाकी भट्टीत घातली. भात्याला हात लावणार, तोच मागून त्यांचा आवाज आला.

"चपला हत मा?"