एका हाकेचा पास्टर

रामनगरला गाडी बदलताना कंडक्टरने मला नीट न्याहाळलं. "फौजी पास्टराकडं? सांजेच्या आत पोचा. आणि रानातनं एकदाच हाक आली, तर ओ देऊ नका." मी सांगलीचा, भुताखेतांची टिंगल करणारा माणूस. हसलो. तो हसला नाही.

सैन्यातून परतून धर्मोपदेशक झालेला आणि रानातल्या प्रत्येक हाकेमागे धावणारा हा माणूस मला पाहायचाच होता. सुपा धरणाच्या फुगवट्याकडेने रस्ता जातो. पाण्यात मेलेल्या झाडांचे बुंधे अजून उभेच आहेत, पण त्यांवर एकही पक्षी नव्हता. मी शहाणपणा करून चुकीच्या फाट्यावर उतरलो आणि बराच वेळ तंगडतोड केली. मोबाईलने केव्हाच मान टाकली होती. चालताना आपलीच पावलं मागून ऐकू येत आहेत असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं.

पास्टर मारुती अंगणातच भेटला. पन्नाशी उलटलेला, पाठ ताठ, पण चाल लंगडी, कारण कारगिलच्या बर्फाने पायाची बोटं खाल्लेली. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर लाकडी क्रूस होता. तेच त्याचं प्रार्थनाघर.

"नाव मारुतीच ठेवलंत?" मी खोचकपणे विचारलं.

"आईनं ठेवलेलं हाय. येशूची काय तक्रार न्हाई."

त्याने उकडलेले रानकंद आणि मिरचीचा खर्डा पुढे केला. खर्ड्याने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक वाकलेली म्हातारी ताक घेऊन आली. तो तिला अव्वा (आई) म्हणत होता, पण ती त्याची आई नव्हती. ती त्याच्या दोस्ताची, परसूची आई. दोघं एकाच गावचे, एकाच पलटणीतले. परसू लढाईतून परतला नाही.

ती गेल्यावर पास्टर हळू बोलू लागला. "आमच्याकडं एका हाकेला ओ देत न्हाईत. भूत एकदाच हाक मारतंय, ओ देईल त्याला घेऊन जातंय. माणूस पुन्ना मारतो. ल्हानपणी आम्हा दोघांस्नी अव्वानंच शिकिवलेलं. तिकडं डोंगरावर अंधारात परसूनं मला हाक मारली. एकदाच. मी दुसरीची वाट बघत दगडाआड बसलो. उजाडल्यावर बघतोय, तर हाकेच्या अंतरावर पडलेला."

"म्हणून पास्टर झालात?" मी विचारलं.

"व्हय. पहिल्या हाकेला जायाचं, एवढाच माझा धर्म. एकदा अस्वलानं फाडलेला माणूस गावला. जगला तो. एरवी कोण नसतंय."

"अव्वांना ठाऊक आहे?"

"आल्या आल्या सांगितलं. ती कायच बोलली न्हाई. अजून न्हाई."

दिवस कलला. रातकिड्यांची किरकिर सुरू होता होता एकदम थांबली. पास्टरने मान वर केली आणि बॅटरी उचलली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी एकटं बसायची छाती होईना, म्हणून मी त्याच्यामागे निघालो.

रानात शिरलो तशी मागून हाक आली, "मारुतीऽ! मारुतीऽ!" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अव्वा हाय," तो म्हणाला. "मी गेलो की माघारी येईस्तोवर हाका मारत ऱ्हाते. पुन्ना पुन्ना मारली म्हंजे माणसाची हाक. त्या आवाजावर मी घर गाठतो."

ओहोळापर्यंत गेलो. कुणी नव्हतं. पास्टर काठाकाठाने शोधत होता, मागून म्हातारीच्या हाका येत होत्या. आणि त्या थांबल्या. एक क्षण सारं रान मुकं झालं. मग घराच्या दिशेने एक लांब, स्पष्ट "ओऽ" ऐकू आली.

पास्टरचा चेहरा पांढराफटक पडला. तो लंगडत पळत सुटला, काट्यांतून मी त्याच्यामागे.

म्हातारी पायरीवर बसली होती. पदर सावरलेला, चेहरा शांत.

"अव्वा, कुणाला ओ दिलीस?"

"परसूनं हाक मारली," ती म्हणाली. "एकदाच."

"तूच न्हवं का शिकिवलंस, देऊ न्हाई म्हणून?"

"व्हय, मीच शिकिवलं. म्हणून तर तुझ्या वाटणीची ओ मी दिली, लेकरा. आता तू निज."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीला टेकून उभा होतो.

सकाळी म्हातारी जिवंत आहे का, हे बघायला मी आधी धावलो. ती कोंबड्यांना कणी टाकत होती. माझी भीती ओळखून मिश्किल हसली आणि म्हणाली, "पावणं, च्या घेतलासा?"

सांगलीत आता मित्र विचारतात, भूतबीत दिसलं का रे? नाही म्हणतो. रानातून आलेली म्हणतात ती हाक मला एकदाही ऐकू आली नाही. ऐकली ती फक्त ओ. आणि त्यानंतर पायरीवर, म्हातारीच्या मांडीत डोकं घालून, एक सैनिक ढसाढसा रडताना ऐकला.