पत्रकातून गाळलेली ओळ

नव्वदच्या दशकापासूनची माझी बरीच वर्षं राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत गेली. एक्स-रे तळमजल्यावर, रक्त द्यायला उपाशीपोटी या, सोनोग्राफीला येताना पाणी पिऊन या, डोळ्यांचे डॉक्टर बुधवारी. दिवसभर हीच वाक्यं. माझं मराठी बरं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी आणखी एक काम माझ्याकडे दिलं, रोग्यांसाठी माहितीपत्रकं लिहिण्याचं. ब्लडप्रेशर, दमा, मूळव्याध, क्षय. डॉक्टर मुद्दे सांगायचे, मी ते साध्या भाषेत उतरवायचे. लोक ती घडी करून खिशात घालत, तेव्हा मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटायचा.

मधुमेहाचं पत्रक छापायला टाकलं तेव्हा मजकूर एका ओळीने जास्त झाला. छापखान्यातला डीटीपीवाला म्हणाला, "बाई, एक ओळ खाली उतरतीया. अक्षर बारीक करू, का काय काढतासा?"

अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्यांना दिसणार नाही. मी पेन्सिल घेऊन वाचत गेले. 'पाय रोज संध्याकाळी कोमट पाण्याने धुवावेत' असं एक वाक्य होतं. त्याच्याखाली होतं, 'पाणी किती गरम आहे ते आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाहावे.' मला वाटलं, कोमट म्हणजे काय ते कुणाला कळत नाही? मी ती ओळ खोडली. डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनच्या घाईत होते. त्यांनी न वाचताच सही केली.

काही महिन्यांनी गडमुडशिंगीचं एक जोडपं आलं. मामा शाळेत शिपाई होते, नुकतेच निवृत्त झालेले. मावशींना साखरेचा आजार जुना होता आणि पायांना मुंग्या येऊन येऊन आता ते बधिर झाले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मामांना येत होतं, पण अक्षराखाली बोट धरून. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी सगळं पत्रक मोठ्यानं वाचलं, मागं रांग लागली तरी.

"हे समदं करायचं?" त्यांनी विचारलं.

"सगळं. जसं लिहिलंय तसं," मी म्हणाले.

पावसाळा संपता संपता मामा मावशींना रिक्षातून घेऊन आले. दोन्ही पाय धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. डावा घोट्यापर्यंत भाजून सोललेला, आणि बोटं काळी पडत चाललेली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मामा माझ्या खिडकीपासून चार पावलांवर उभे होते. मला एकेक शब्द ऐकू आला.

"कागदात लिवलंय तसंच करत हुतो की साहेब. रोज सांजचं पाणी तापवायचो, घमेल्यात वतायचो. हिला इचारायचो, लागतंय का गरम? ही म्हणायची, न्हाय. मग आणि थोडं कढत वतायचो. त्या दिशी तीनदा इचारलं. तीनदा न्हाय म्हणाली."

मी समोरच्या माणसाला एक्स-रेची खोली सांगत होते. ती चुकीची सांगितली.

मावशींचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या तीन आठवडे वॉर्डात होत्या. मी रोज जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. डॉक्टरांना मात्र एका दुपारी सांगितलं. त्यांनी पत्रक मागून घेतलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. मग म्हणाले, "सही माझी आहे. नवीन छापून घ्या." उरलेली पत्रकं मी मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं जाळली. पण जी आधीच घरोघरी गेली होती, त्यांचं काय? रस्त्यानं कुणी लंगडताना दिसलं की माझी नजर पायाकडे जायची. न्हाणीत पाण्याची वाफ दिसली की कानाशी कुणीतरी विचारायचं, लागतंय का गरम? घरात माझ्याशिवाय कुणी नसायचं.

असं वर्षभर गेलं. मग मला वाटायला लागलं, सांगून टाकलं की सुटका होईल. एका रविवारी सिटी बसनं गडमुडशिंगीला गेले. मामा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. त्यांनी मला ओळखलं, घोंगडं अंथरलं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुबडी शेजारी. "या बाई. साखरंनं पाय न्हेला बघा," मामा म्हणाले. त्यांचा तो ठाम समज होता. रोग वाईट, आपण आपलं सगळं केलं.

मी सांगितलं. ओळ कोणती होती, का काढली, कुणी काढली. सगळं.

मामा ऐकत होते. मी रडत होते. ते माझ्यावर ओरडतील, हाकलून देतील, असं वाटत होतं. खरं तर तेच हवं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "म्या हात घालून बघितला असता, तर कळलं असतं व्हय?"

ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कशाला सांगितलंसा त्येस्नी? मला वॉर्डातल्या नर्सबाईनं तवाच सांगितलं हुतं, पाणी आदी हातानं बघायचं असतंय. म्या त्येस्नी कळू दिलं न्हाय. वरीसभर पोटात ठेवलं. आणि तुमी आलासा."

मी तशीच उठून बसथांब्यावर आले. किती बस गेल्या, कळलं नाही.

नंतर मामा मावशींना तपासणीला आणायचे. खिडकीवरून जाताना मान खाली. कधी वाईट बोलले नाहीत, कधी काही विचारलंही नाही. मावशींनीच एकदा सांगितलं, की त्यांनी घरातला पाणी तापवायचा बंब मोडीत घातला. स्वतः पौषातसुद्धा गार पाण्यानं आंघोळ करत होते. मावशींना ऊन पाणी लागलं तर शेजारीण तापवून द्यायची. मामा तेव्हा घराबाहेर जाऊन उभे राहायचे.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी मावशी एकट्याच आल्या. खोट्या पायावर, सावकाश. मामा श्रावणात गेले होते, झोपेत. मी खिडकी दुसरीला सांभाळायला दिली, त्यांना बाकावर बसवलं, बिनसाखरेचा चहा आणला. वयानं मीही आता पन्नाशीकडे चालले होते. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.

"मावशी, त्यांनी मला कधी माफ केलं का?"

त्यांनी चहा संपवला, कप शेजारी ठेवला.

"तुमचा राग त्येनी कधी केलाच न्हाय, बाई. केला असता तर बरं झालं असतं. त्येंचा सोतावरच हुता."

मग म्हणाल्या, डॉक्टर आलं असतील तर नंबर लावा. मी त्यांचा नंबर लावला.