मीठ, साखर आणि टँकर

दुष्काळाच्या वर्षांत दिंद्रुडच्या माझ्या दवाखान्यातला माठ दुपारीच कोरडा पडायचा. किस्से मात्र साठत गेले. आम्ही चार डॉक्टर चहाला बसलो की एकेक बाहेर निघतो.

केवळाबाईंचं बीपी काही उतरेना. मीठ कमी करा, असं मी दर वेळी सांगायचो आणि त्या मान डोलवायच्या. एकदा वैतागून म्हणालो, तुम्ही ऐकतच नाही. त्यांनी पिशवीतून घरच्या बोअरच्या पाण्याची बाटली काढून पुढं केली. मी एक घोट घेतला. खारट!

"मीठ कवाच सोडलंय," त्या म्हणाल्या. "आता पाणी बी सोडू का?"

*

तात्या साखर कारखान्याचे संचालक. रिपोर्टमध्ये शुगर भलतीच वाढलेली. मी म्हणालो, "तात्या, आजपासून साखर बंद."

तात्यांनी उठून दार लोटलं. "हळू बोला डॉक्टर. भाईर सभासद बसलेत. त्यांना वाटंल, औंदा बी कारखाना सुरू होत न्हाई."

*

मुक्ता ऊसतोडीला निघाली, तेव्हा तिला हंगामभराच्या बीपीच्या गोळ्या दिल्या. परतली तर बीपी जसंच्या तसं. चौकशी केली, तर नवरा-बायको अर्धी अर्धी गोळी घेत होते.

"ऊसतोडीत एक कोयता म्हंजी नवरा-बायको दोघं," नवरा म्हणाला. "काम दोघात, भाकर दोघात, गोळी बी दोघात."

चिडून त्याच्याही दंडाला पट्टा बांधला. त्याचं बीपी तिच्यापेक्षा जास्त निघालं.

*

शेषरावबापू दूध सोसायटीचे चेअरमन. टँकर आला की बायांची लाइन तेच लावायचे. एका सकाळी तिथंच छातीत कळ येऊन खाली बसले. मी धावत पोचलो, तर ॲसिडिटी हाय म्हणत होते. मला घामानं भिजलेला सदरा दिसला. हार्ट अटॅक. गोळी चघळायला दिली. गाडी एकच होती, टँकर, आणि तो विहिरीत रिकामा करायला वेळ नव्हता. लाइनीतल्या बायांनी घागरी बाजूला घेतल्या. भरलेला टँकर बापूंना घेऊन अंबाजोगाईकडं निघाला.

वाटेत बापूंनी विचारलं, टँकर रिकामा केला ना? नाहीतर गाडी माघारी फिरव. ड्रायव्हर म्हणाला, रिकामाच हाय.

बापू वाचले. बरे होऊन दवाखान्यात आले, तेव्हा हे सगळं त्यांनीच सांगितलं.

"पर डॉक्टर, दर वळणाला मागं पाणी हिंदकळत होतं. मला ऐकू येत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बापूंनी टोपी नीट केली. "म्हणलं, आसंल रिकामा."